साळवे सिस्टरांच्या बारा पौर्णिमा

भिवंडीत कामतघरला आम्ही राहायला गेलो त्या दिवशी टेम्पोतून सामान उतरत होतं, तेवढ्यात शेजारच्या खोलीतून एक बाई चहाची किटली घेऊन आल्या. पांढरी साडी, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, केस घट्ट बांधलेले. चहा त्यांनी माझ्या हातात दिला आणि बायकोचं मनगट धरलं. बोलता बोलता नाडी बघायची ही त्यांची सवय होती. पुढे मी त्यांना भाजीवाल्याची, गॅसवाल्याची आणि एकदा मीटर बघायला आलेल्या माणसाचीही नाडी बघताना पाहिलं.

"कितवा?" त्यांनी विचारलं.

"सहावा लागलाय," बायको म्हणाली.

त्यांनी अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला. "पहिलंच ना? मग डॉक्टर एप्रिल म्हणतील, पण तुम्ही मे धरून चला." मग टेम्पोच्या कडेला ठेवलेल्या कुंडीकडे बघून म्हणाल्या, "आणि ह्याचं काय?"

कुंडीत बायकोने माहेराहून आणलेला मोगरा होता. "तो फुलतच नाही हो. दोन वर्षं नुसती पानं."

"कधी हवाय?"

वाणी 'किती देऊ?' विचारतो तसं त्यांनी ते विचारलं. बायको गमतीनं म्हणाली, "बारशाला."

त्या हसल्या नाहीत. अंगठा पुन्हा पेरांवरून फिरला. "मग आत्ता हात लावू नका. पुढच्या महिन्यात पाणी तोडू. मी सांगते."

फेब्रुवारीत त्या खरोखरच आल्या. मोगऱ्याचं पाणी बंद केलं, पानं ओरबाडून काढली आणि राहिलेल्या काड्या निम्म्यावर कापल्या. माहेरच्या झाडाची ती दशा बघून बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलगी मेमध्ये झाली. बारशाच्या सकाळी पाळण्याला बांधायला मोगऱ्याचा गजरा होता, आणि तो आमच्याच कुंडीतला होता. सिस्टर आल्या, बाळाकडे बघितलं, गजऱ्याकडे बघितलं आणि दोघांना मिळून म्हणाल्या, "वेळेवर आलं."

फुलाला त्यांनी कधी सुंदर म्हटलेलं मी ऐकलं नाही. 'वेळेवर आलं' ही त्यांची सर्वांत मोठी शाबासकी. उशिरा आलेलं फूल 'ओव्हरड्यू', लवकर आलेलं 'प्रीमॅच्युअर'. दवाखान्याच्या प्रसूती विभागात त्या पहिल्यापासून नोकरीला होत्या आणि तिथली भाषा त्या घरी येताना बाहेर ठेवून येत नसत. नाव कमल, पण चाळीत त्यांना त्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. मिस्टर लवकर वारलेले. घरात त्या आणि मुलगी प्रज्ञा. चाळीसाठी त्या नुसत्या सिस्टर, आणि मी शाळेत शिकवतो म्हणून त्यांच्यासाठी मी नुसता सर.

चाळीच्या मागे जमिनीची एक पट्टी होती. पलीकडे रशीदसेठचा लूमचा कारखाना, मध्ये सिमेंटची पाण्याची टाकी. त्या पट्टीत सिस्टरांची बाग. कुंड्या म्हणजे कारखान्यातून आलेले रंगाचे निळे ड्रम, अर्धे कापून भोकं पाडलेले. बागेत फक्त पांढरी फुलं. कारण एकच होतं. दर पौर्णिमेला विहारात वंदनेसाठी फुलं न्यायची ती ह्याच बागेतली, विकतची नाही. म्हणजे वर्षाच्या प्रत्येक पौर्णिमेला काहीतरी फुललेलं असायला हवं. वैशाखात मोगरा, पावसाच्या तोंडावर अनंत, मग जाई-जुई, भाद्रपदात सोनटक्का, पुढे प्राजक्त, थंडीत शेवंती, माघात कुंद. सांगायला हे सोपं वाटतं. पण झाडं महिना संपला म्हणून थांबत नाहीत आणि पौर्णिमा आली म्हणून घाई करत नाहीत. कुणाला आधी छाटायचं, कुणाचं पाणी तोडायचं, कुणाचे शेंडे खुडून त्याला मागे रोखायचं, हे सगळं सिस्टर त्या-त्या पौर्णिमेवरून उलटं मोजत येत. फाल्गुनात सगळी अडचण. कुंद संपलेला, मोगरा निघालेला नाही. त्यासाठी त्या मोगऱ्याचे दोन ड्रम बाकीच्यांच्या खूप आधी सुकवायला काढत. कोपऱ्यात एक तगर होती. तिला त्या 'बदलीवाली' म्हणत. बारमाही फुलायची, कुठल्याही ड्युटीला उभी राहायची, म्हणून सिस्टरांच्या मनात तिला फारसा मान नव्हता.

अधिक महिना आला की मात्र त्या बिथरत. "पौर्णिमा चंद्राची, आणि झाडं बघतात सूर्याकडे," त्या मला म्हणाल्या. "चंद्रवाल्यांनी मधेच महिना घातला, तो झाडांना कोण सांगणार? आता सोनटक्का उगाच आधी येऊन बसेल." त्या वर्षी तसंच झालं. सोनटक्का आधी फुलून गेला आणि विहारात तगर न्यावी लागली. कुणाच्या लक्षातही आलं नाही, पण त्यानंतरचे दोन दिवस सिस्टर कुणाशी नीट बोलल्या नाहीत.

मी एकदा विचारलं, "विकत का नाही घेत? बाजारात पांढरी फुलं ढिगाने असतात."

त्या ड्रममधली माती उकरत होत्या. हात थांबवला नाही. "आमचं गाव पडघ्याच्या बाजूला. लहान होते. पौर्णिमेला आईने मला फुलं मागायला एका घरी पाठवलं. त्यांच्या दारात मोठी जुई होती. घरातली बाई बाहेर आली, म्हणाली, संपली फुलं." मग त्या म्हणाल्या, "मी त्या जुईखालीच उभी होते, सर. डोक्यावर फुलं पडत होती."

आणि त्या पुढच्या ड्रमकडे सरकल्या.

प्रज्ञाचं लग्न ठरलं तेव्हा व्याही बदलापूरहून बैठकीला आले. मोकळ्या स्वभावाचा माणूस. "आपल्यात मुहूर्ताची भानगड नाही," ते म्हणाले. "तुम्ही म्हणाल तो रविवार."

"डिसेंबरचा शेवटचा," सिस्टर लगेच म्हणाल्या.

"चालेल की. काही खास?"

"शेवंती असेल."

व्याह्यांनी मान हलवली आणि जरा वेळाने अदबीने विचारलं, "शेवंती कोण? बाहेरगावी असतात का?"

प्रज्ञा चहाचा ट्रे तसाच घेऊन आत पळाली. चाळीत ही गोष्ट पुढे बरेच दिवस चालली. पण सिस्टर गमतीत नव्हत्या. मुलीच्या लग्नात एक पाकळीदेखील बाहेरची नको, असं त्यांनी मनात धरलं होतं. पावसाळ्यात त्यांनी शेवंतीच्या इतक्या काड्या लावल्या की टाकीपासून भिंतीपर्यंत ड्रमला ड्रम लागला. ड्युटीवरून आल्या की आधी शेंडे खुडायच्या, मग बूट काढायच्या.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट झाली, आणि तिच्यामुळे सगळं गाव खूश होतं. त्याआधीची काही वर्षं भिवंडीत भारनियमन इतकं होतं की अंधार पडला की लूम गप्प आणि गल्ल्या काळ्याठिक्कर. कामगार ओट्यावर बसून राहायचे. मग विजेची व्यवस्था बदलली आणि लूम दोन्ही शिफ्टला धडधडू लागले. रशीदसेठने हुरूपाने कारखान्यात नवे मोठे दिवे लावले. आमच्या मुलीला मी आता संध्याकाळी अभ्यासाला बसवू शकत होतो. आवाजाची सवय होते, आम्हालाही झाली.

दिवाळी आली आणि गेली. शेवंती हिरवीगार, गुडघ्याच्या वर वाढलेली, आणि कळी नाही. बायको कौतुकाने म्हणाली, "पानं किती तजेलदार आहेत हो." सिस्टरांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती आत निघून गेली. त्यांनी खत बंद केलं, पाणी कमी केलं. पडघ्याच्या एका रोपवाटिकेतला ओळखीचा माणूस आणून दाखवला. तो म्हणाला, जात हलकी दिली असेल कुणीतरी. "जात मीच राखलेली आहे," सिस्टर म्हणाल्या, आणि त्याला चहा न देता वाटेला लावलं.

एका सकाळी मी शाळेला निघालो होतो. मागच्या पट्टीतून त्यांनी हाक मारली. "सर, इकडे या. काय दिसतंय?"

"शेवंती."

"कळ्या कुठे आहेत?"

बघितलं तर खरंच, टाकीच्या मागे ठेवलेल्या सहा-सात ड्रमांना टपोऱ्या कळ्या होत्या. बाकी सगळं हिरवं. आणि कळ्या असलेल्या आणि नसलेल्या झाडांमध्ये एक तिरकी रेघ ओढल्यासारखी दिसत होती.

"टाकीची सावली?" मी म्हटलं. "पण दुपारी सावली ह्या बाजूला पडत नाही."

"दिवसाची नाही हो. रात्रीची." त्यांनी झाडांकडे पाठ केली आणि समोर बोट दाखवलं. कारखान्याची मोठी खिडकी. तिच्या आत नवा दिवा. "शेवंतीला मोठी, काळोखी रात्र लागते, तेव्हा तिला कळतं थंडी आली. हिच्या डोळ्यांवर सकाळपर्यंत उजेड. हिला वाटतंय अजून दिवस मोठाच आहे." मग हळू आवाजात म्हणाल्या, "इतकी वर्षं वेळेवर येत होती ती लाइट जायची म्हणून. आणि मी समजत होते, माझ्यामुळे येते."

त्या दुपारी त्या रशीदसेठकडे गेल्या. मी बरोबर होतो, कारण एकटीने काही मागायला जायची त्यांना सवय नव्हती. रशीदसेठने सगळं ऐकून घेतलं आणि तो हसला. "बस, एवढंच? सिस्टर, माझी दोन्ही पोरं तुमच्या हातावर झाली. बच्ची की शादी है, आणि तुम्ही विचारायला येता? हुकूम करायचा." संध्याकाळच्या आत खिडकीवर आतून पत्रा ठोकला गेला. त्या दिवशी अंधार पडल्यावर पट्टीत कितीतरी दिवसांनी काळोख झाला. सिस्टर ओट्यावर उभ्या राहून तो काळोख बघत होत्या.

आठवडाभराने संध्याकाळी त्या ड्युटीवरून परतत होत्या आणि मी दूध घेऊन येत होतो. कारखान्याच्या पायरीवर एक कामगार बसून खोकत होता. रामधनी त्याचं नाव, पूर्वांचलातला, पस्तिशीचा असेल. भुवयांवर कापसाचा भुरा साचलेला. सिस्टरांनी पिशवी खाली ठेवली आणि त्याचं मनगट धरलं.

"कब से है खाँसी?"

"बरसात से है, मैडम. पर अभी ज़्यादा हो गई। खिड़की बंद है ना." त्याने मागे मान केली. "हमारा लूम उधरीच है। सेठ ने टीन ठुकवा दिया। किसी मैडम का फूल नहीं खिल रहा, बोले."

सिस्टरांनी मनगट सोडलं नाही. "मैं ही हूँ वो मैडम," त्या म्हणाल्या.

तो धडपडून उठायला लागला. त्यांनी त्याला खांद्याला धरून बसवलं आणि त्या सरळ कारखान्यात शिरल्या. रशीदसेठ नव्हता. मेहता म्हणून हिशेबनीस होता, तो म्हणाला सेठना फोन करतो, उद्या बघू. "हातोडा कुठे आहे?" सिस्टरांनी विचारलं. लूमच्या आवाजात त्याला दोनदा सांगावं लागलं. पत्रा पूर्ण निघेपर्यंत त्या तिथे उभ्या होत्या. तो निघाला तेव्हा आत कोंडलेला भुरा ढगासारखा बाहेर आला आणि सावकाश शेवंतीवर बसला.

घरी प्रज्ञा होती. तिला कळल्यावर ती म्हणाली, "आई, महिन्याचाच तर प्रश्न होता. दुसऱ्या लूमवर बसवलं असतं त्याला."

"आणि त्याच्या जागी ज्याला बसवलं असतं, त्याने महिनाभर श्वास घ्यायचा नाही का?"

"माझं लग्न आहे आई. पौर्णिमा नाहीये तुझी."

"म्हणूनच," सिस्टर म्हणाल्या. दोघी त्या दिवशी वेगवेगळ्या जेवल्या. भिंत पातळ होती. आम्हाला ऐकायचं नसलं तरी ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्यांनी रामधनीला दवाखान्यात नेलं. थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. क्षय निघाला. औषध कुणाच्या तरी देखरेखीखाली, डोळ्यांसमोर घ्यायचं असतं. ती देखरेख सिस्टरांनी आपल्याकडे घेतली. रशीदसेठला पत्रा काढल्याचा राग आला होता, पण रामधनीला हलकं काम देऊन त्याने ठेवून घेतलं. रामधनी गोळ्या घ्यायला ओट्यावर यायचा. गोळ्या गिळून झाल्या की बसल्या बसल्या शेवंतीकडे बघायचा. "हमारे गाँव में गेंदा होता है," त्याने एकदा सांगितलं. "कोई पूछता नहीं उसको, फिर भी फूलता है."

"गेंदे को शादी में बुलाया नहीं है," सिस्टर म्हणाल्या.

कारखान्याची खिडकी झाकायची नाही, तर झाडंच झाकायची, असं त्यांनी ठरवलं. बांबूंवर काळं ताडपत्रीचं कापड. सूर्य मावळला की घालायचं, उजाडलं की काढायचं. त्यांच्या ड्युट्या बदलत्या, म्हणून कधी माझी बायको घालायची, कधी प्रज्ञा, न बोलता. बऱ्याचदा रामधनीच घालायचा. तोंडाला रुमाल बांधून तो ते कापड इतक्या हळुवार ओढायचा की जणू झोपलेल्या पोरावर पांघरूण घालतोय.

पण गेलेले आठवडे परत येत नव्हते. लग्नाच्या आदल्या सकाळी सिस्टरांनी ड्रमांमधून एक फेरी मारली. कळ्या आल्या होत्या, झाडागणिक आल्या होत्या, पण हिरव्या, मिटलेल्या. टाकीमागची तेवढी फुललेली. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ओव्हरड्यू." मग पदर खोचला. "सर, कल्याणला फुलांचा बाजार पहाटे किती वाजता लागतो?"

मी म्हटलं, मी आणतो. त्या नको म्हणाल्या. स्वतः गेल्या, आणि रिक्षा भरून फुलं घेऊन आल्या.

हॉल छान सजला होता. टाकीमागची शेवंती बुद्धमूर्तीपुढे, बाकी सगळं बाजारचं. ज्याने त्याने येऊन सिस्टरांना सांगितलं, फुलं काय सुरेख आहेत. प्रत्येकाला त्या म्हणाल्या, "विकतची आहेत." व्याह्यांनाही तेच सांगितलं. ते म्हणाले, "शेवंतीबाई आल्या नाहीत वाटतं?" सिस्टर त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या, आणि हसता हसता रडल्या. सासरी जाताना प्रज्ञाने आईच्या गळ्यात हात टाकले आणि बराच वेळ काढले नाहीत.

जानेवारीत शेवंती फुलली. सगळी एकदम. पट्टीत माती दिसेना. कारखान्याच्या खिडकीत कामगार येऊन बघून जायचे. प्रज्ञा माहेरपणाला आली होती. ती ओट्यावर बसून नुसती बघत राहिली आणि म्हणाली, "आई, हे लग्नात असतं तर मला कोणी पाहिलंच नसतं."

त्याच आठवड्यात रशीदसेठ आला. पत्र्याच्या प्रकारानंतर तो सिस्टरांशी बोलत नव्हता. दाराशी उभा राहून, टोपी नीट करत म्हणाला, "सिस्टर, अम्मीला जाऊन उद्या साल होतंय. कबरीवर घालायला थोडी फुलं मिळतील का? थोडीच. पौर्णिमा आहे तुमची, मला माहीत आहे."

सिस्टर उठल्या. कात्री घेतली आणि भिंतीच्या कडेपासून कापायला सुरुवात केली. एक बादली भरली, दुसरी भरली. रशीदसेठ "बस, बस" म्हणत होता. त्या थांबल्या नाहीत. मी मागून म्हटलं, "अहो, विहारासाठी?"

"तगर आहे ना," त्या म्हणाल्या.

रामधनीचं औषध उन्हाळ्याच्या अखेरीस पूर्ण झालं. बरा होऊन तो गावी गेला, परत आला नाही. पुढच्या एक-दोन वर्षांत लूम मंदावले, रशीदसेठने जागा विकली, चाळही पाडायला निघाली. आम्ही पांगलो. सिस्टर निवृत्त होऊन प्रज्ञाकडे बदलापूरला गेल्या. बाग त्यांनी ड्रमांसकट विहाराला दिली.

मी त्यांना नंतर एकदाच भेटलो. प्रज्ञाचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. गॅलरीत कपडे वाळत होते, झाड एकही नाही. त्या थोड्या वाकल्या होत्या. माझ्या मुलीची चौकशी केली, बायकोच्या गुडघ्यांची केली. मी निघालो तेव्हा, मी नको म्हणत असतानाही, सोडायला खाली आल्या.

फाटकाजवळ एक कमरेएवढं झुडूप होतं. जाड, चकचकीत पानांचं. वॉचमन म्हणाला, सोसायटीवाले रविवारी तोडणार आहेत, बिनफुलाचं आहे, गाडी वळवायला आडवं येतं.

"कुठलं झाड हे?" मी सिस्टरांना विचारलं.

त्यांनी एक पान उलटं करून पाहिलं. चुरगळून वास घेतला. "मला नाही माहीत," त्या म्हणाल्या.

मला वाटलं त्यांना वाईट वाटेल. तसं काही दिसलं नाही. त्यांनी वॉचमनला विचारायला सुरुवात केली. कोणी लावलं, कधी लावलं, ऊन कुठून येतं, मागच्या उन्हाळ्यात पानं झडली होती का. "तोडायचं नाही," शेवटी त्यांनी बजावलं. "मी बोलते कमिटीशी."

"पर फूल आएगा कब, माँजी?"

"वही तो देखना है," सिस्टर म्हणाल्या.

माझी रिक्षा आली. मी "येतो" म्हटलं. त्यांनी हात वर केला, पण माझ्याकडे बघून नाही. वॉचमनची प्लास्टिकची खुर्ची त्यांनी ओढून घेतली होती आणि त्या झुडपासमोर बसल्या होत्या.